तोंडाचा वास

बाबांच्या हृदयात धातूची झडप आहे. घर शांत असलं की तिची टिकटिक ऐकू येते. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची आणि नात्तो खायचा नाही, एवढंच पथ्य. नात्तो पोटात गेला की गोळीचा असर उतरतो, रक्त पुन्हा घट्ट होतं, झडपेवर गाठ धरते.

पण नात्तोसाठी जपानभर नावाजलेल्या मितोत जन्मलेल्या माणसाला ते तार सुटलेले आंबवलेले सोयाबीन खाऊ नको म्हणणं म्हणजे छळच की! म्हणून आईनं, तोमीएनं, स्वतःही सोडला. वर बाबा बाहेरून आले की दारातच त्यांचं तोंड हुंगायची.

"खाल्लात ना? खरं सांगा!"

"अगं, शेजारी बघतायत!"

"बघू देत!"

वसंतात आई गेली. देव्हाऱ्यातल्या तिच्या नावाच्या पाटीपुढं बाबा रोज सकाळी गरम भात आणि नात्तो ठेवायला लागले. म्हणाले, "माझ्यापायी बिचारीनं जिभेला मुरड घातली. आता तरी खाऊ दे." मला गलबलून आलं.

संध्याकाळी दुकानातून परतावं, तर वाटी चाटूनपुसून लख्ख.

"कुणी संपवला, बाबा?"

"तुझ्या आईनं."

अंगावर सर्रकन काटा आला. खरं सांगू? बरंही वाटलं.

मग एकदा जेवताना जाणवलं, टिकटिक ऐकूच येत नाहीये. बाबांना धाप लागली होती, ओठ निळे पडले होते. आणि हनुवटीवर नात्तोची तार!

"तुम्ही खात होतात?"

"गेलेल्या माणसाचं पान घरच्यांनीच संपवायचं असतं. रीतच आहे ना?"

"चुलीत गेली तुमची रीत! मरायचंय का?"

"ती रोज दारात येऊन उभी राहते गं," बाबा म्हणाले. "किती दिवस ताटकळत ठेवू?"

मी रडतरडतच ॲम्ब्युलन्स बोलावली.

डॉक्टरांनी औषध देऊन गाठ विरघळवली. दुसऱ्या दिवशी भेटायला गेले, तर बाबा छताकडे बघत पडले होते.

"आली होती," ते म्हणाले. "मी हात पुढं केला. तिनं वाकून माझं तोंड हुंगलं, आणि पाठ फिरवून चालती झाली. एक शब्दही बोलली नाही!" लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

मी त्यांच्या छातीला कान लावला. टिकटिक चालू होती.

"मग? परत खाणार आहात नात्तो?"

"छे गं. आता येईल तेव्हा तोंडाला वास नको."