तिघांचा तंबू

ही गोष्ट १९७४ सालची. तेव्हाचे तंबू आजच्यासारखे छत्रीगत फटकन उघडणारे नव्हते. जाड कॅनव्हासचे असत, त्यांना मेणाचा आणि जुन्या पोत्याचा मिळून एक वास येई, आणि एकदा पावसात भिजले की असे जड होत की उचलणाऱ्याला मागचा जन्म आठवावा. पण उभे राहिले की घरासारखे उभे राहत. असा पहिलावहिला तंबू घ्यायला घड्याळजी, त्याची मुलगी, त्याची बहीण आणि त्याची नवी बायको अशी चौघं त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर निघाली, आणि दुकानापर्यंत कुणी कुणाशी चकार शब्द बोललं नाही.

नव्या बायकोच्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. दिवसभर कानाला यंत्र लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून द्यायची. म्हणून नणंद तिला पाठीमागे ‘टेलिफोनवाली’ म्हणे, आणि पुढे पुढे तर तोंडावरही. सबंध शहराची बोलणी जुळवून देणाऱ्या या बाईला घरातल्या बारा वर्षांच्या पोरीशी मात्र सूत जुळवता आलं नव्हतं.

पोरीला सगळे ठिणगी म्हणत. आई गेली तेव्हा ती लहान होती, पण विसरण्याइतकी लहान नव्हती. बापाला ती ‘अरे बाबा’ म्हणे आणि टेलिफोनवालीला ‘तुम्ही’. त्या ‘तुम्ही’त आदर औषधालाही नसे. एरवी तर सरळ बोलणंच नाही. जेवताना मीठ हवं असलं तर बापाकडे बघून म्हणे, “बाबा, सांग त्यांना, मीठ सरकवा.”

बरणी टेलिफोनवालीच्या कोपराशीच असे. पण तीही काही कमी नव्हती. “अहो, सांगा तिला, हात आहेत, उठून घे.”

घड्याळजी दोघींच्या मधे बसून इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे करी. ज्याचा त्याला तो आधीच ऐकू आलेला असे. तरी त्यानं तो पोचवायचा, असा त्या घराचा शिरस्ता पडून गेला होता.

उन्हाळ्यात घड्याळांचं दुकान आठवडाभर बंद राही. त्या वर्षी तळ्याकाठी राहायला जायचं ठरलं आणि ठिणगीनं जाहीर करून टाकलं, “दोघांचा तंबू घ्यायचा. मी आणि बाबा.” आत्यानं लगेच तिची री ओढली. घड्याळजी खाली मान घालून कुणाचं तरी घड्याळ पुसत राहिला.

टेलिफोनवालीला मनातून चांगलंच कळलं होतं की तंबू काही दर वर्षी घ्यायची वस्तू नव्हे. एकदा दोघांचा आला की पुढची सगळी वर्षं तोच चालणार. ती दोघं पाठीवर बोचकी टाकून निघणार, हिनं दारातून हात हलवायचा आणि आत येऊन खरकटी भांडी घासायची. असं एकदा पडलं की पडलंच. म्हणून कुणी ‘चल’ म्हटलं नसतानाही ती त्या दिवशी चप्पल घालून सगळ्यांच्या आधी रस्त्यावर उभी राहिली होती.

दुकान लांबट आणि काळोखं होतं. भिंतीशी तंबूंच्या वळकट्या रचलेल्या, छताला दोऱ्यांची भेंडोळी टांगलेली, आणि मागच्या दारातून मातीचं मोठं अंगण दिसत होतं. मालकीण आडव्या अंगाची आणि उभ्या जिभेची होती. सगळे तिला तंबूवाली म्हणत. तिचा एक नियम होता: तंबूत जे झोपणार, त्यांनीच तो आधी तिच्या अंगणात उभा करायचा, त्यात आडवं होऊन बघायचं आणि मगच विकत घ्यायचा. मागाहून “उभाच राहत नाही” म्हणून रडत येणाऱ्यांचा तिला वीट आला होता.

“कोण कोण झोपणार?” तिनं विचारलं.

“मी आणि बाबा,” ठिणगी म्हणाली.

“आणि या ताई?”

“वहिनींना रजा मिळत नाही हो,” आत्या गोड आवाजात म्हणाली.

“मिळाली आहे,” टेलिफोनवाली म्हणाली.

“अगं बाई! आम्हाला कुणी सांगितलं नाही ते?”

“तुम्ही विचारलं नाहीत, वन्सं.”

आत्यानं गोडवा बाजूला ठेवला. “स्पष्टच बोलते. पोर वाढत्या वयाची आहे. वर्षातून चार दिवस तिला बाप मिळतो, तेवढे तरी सोडा की तिला! तिथे कशाला मधे मधे?”

“मधे मधे? माझ्याच घरात मी मधे?”

“घर तुमच्या आधीपासूनच होतं, वहिनी.”

घड्याळजी घसा खाकरून म्हणाला, “आपण असं करू, आधी दोन्ही नुसते बघू तरी...”

टेलिफोनवाली गर्रकन त्याच्याकडे वळली. “अहो, दुसऱ्याच्या घड्याळातलं केसाएवढं चाक वाकडं झालेलं तुम्हाला दिसतं. तुमची बायको तुमच्या डोळ्यांदेखत घरातून वजा होतेय, ते नाही दिसत?”

घड्याळजी चष्मा काढून पुसू लागला. तेवढ्यात ठिणगी पुढे आली. कधी नव्हे ते टेलिफोनवालीच्या थेट डोळ्यांत बघून ती म्हणाली, “तुम्ही माझी आई नाही.”

“माहीत आहे.”

“आईची जागा तुम्हाला मिळणार नाही.”

“नकोच आहे मला. तुझ्या आईची जागा तिची तिला लखलाभ. मला तंबूतली जागा हवी. झोपण्यापुरती. तू माझ्याशी बोलू नकोस, हसू नकोस, हवं तर तोंड फिरवून झोप. पण मी घरी राहणार नाही.”

दुकानातली इतर गिऱ्हाइकं दोऱ्या बघायच्या थांबली. तंबूवालीनं तिघांचा तंबू खांद्यावर घेतला आणि पायानं मागचं दार उघडलं.

“तमाशा अंगणात करा. हा घ्या. तिघांनी मिळून उभा केलात तर विकेन. पडला तर मुकाट्यानं दोघांचा घेऊन चालू लागा. कबूल?”

“कबूल,” ठिणगी म्हणाली, आणि आत्याकडे बघून गालात हसली. तंबू पाडायला अक्कल लागत नाही. आत्या स्टूल ओढून ऐसपैस बसली.

घड्याळजी मधले खांब धरायला कापडाखाली शिरला आणि दिसेनासा झाला. डावीकडच्या दोऱ्या ठिणगीकडे, उजवीकडच्या टेलिफोनवालीकडे. टेलिफोनवालीनं जन्मात कधी खुंटी ठोकली नव्हती. पहिलाच घाव अंगठ्यावर बसला, पण तिनं हूं की चूं केलं नाही. त्या पोरीसमोर तर नाहीच नाही. तिनं दोरी खुंटीला अडकवली, तोच समोरून असा हिसका बसला की सगळा तंबू डावीकडे झुकला.

तिनं दोरी दोन्ही हातांनी धरली, टाच मातीत रोवली आणि ओढली.

“बाबा, सांग त्यांना, एवढं ओढू नका!”

“अहो, सांगा तिला, आधी तिनं सोडावं!”

“ती म्हणते ओढू नको,” कापडाखालून आवाज आला. “ही म्हणते सोड. अरे, माझ्या चष्म्यावर कुणीतरी...” पुढचं ऐकू आलं नाही.

“ओढ, ठिणगे, ओढ!” आत्या स्टुलावरून ओरडली.

ठिणगीनं ओढली आणि चिडून खुंटी ठोकली. टेलिफोनवालीनं तिच्याहून जोरात ओढली आणि खुंटी ठोकली. पोरीनं पुढची दोरी घेतली, हिनंही घेतली. दोघी लालबुंद झाल्या होत्या, केस सुटले होते. ठिणगीनं हातातली दोरी नुसती सोडून दिली असती तर तंबू धाडकन बसला असता आणि ती जिंकली असती. पण या बाईपुढे दोरी सोडायची, हे तिच्या डोक्यातच येईना. खुंट्या संपेपर्यंत दोघी खाऊ की गिळू अशा नजरेनं एकमेकींकडे बघत ओढत राहिल्या.

मग घड्याळजी केसांना माती लावून बाहेर आला. तंबू उभाच राहिला.

तंबूवाली भोवतीनं फिरली. तिनं कापडावर टिचकी मारली, तर ते ढोलासारखं बोललं. “या हंगामात इतका ताठ कुणी लावला नाही,” ती म्हणाली. “सुरकुती शोधून सापडायची नाही.”

ठिणगीच्या तोंडावरचा रंगच उडाला. तिनं आपल्या हातांकडे पाहिलं. मग आत्याकडे वळून ती ओरडली, “तू कशाला ‘ओढ, ओढ’ करत होतीस?” आत्यानं कपाळावर हात मारून घेतला.

“आता आडवे व्हा,” तंबूवालीनं फर्मावलं.

तिघं आत शिरून आडवी झाली. घड्याळजी मधे, ठिणगी एका कडेला कापडाकडे तोंड करून, टेलिफोनवाली दुसऱ्या. अंगठा ठणकत होता. आत पिवळसर उजेड होता.

“बाबा,” कापडाकडे तोंड करूनच ठिणगी म्हणाली, “सांग त्यांना, तळ्यावर माझ्या बाजूच्या दोऱ्यांना हात लावायचा नाही. कधीच.”

घड्याळजीनं मान वळवली. टेलिफोनवालीनं त्याला तोंड उघडू दिलं नाही.

“अहो, सांगा तिला, माझ्या बाजूच्यांनाही.”

तंबू त्याच दिवशी घरी आला.

तंबूवालीनं पुढे नायलॉनचे तंबू निघाल्यावर ते ठेवायला साफ नकार दिला आणि काही वर्षांत दुकान विकून ती मुलाकडे चौथ्या मजल्यावर राहायला गेली. आत्या दोन वर्षं भावाच्या घराची पायरी चढली नाही. मग तिचं हाड मोडलं, तेव्हा त्याच घरी येऊन राहिली आणि बरी होईपर्यंत वहिनीच्या हातच्या प्रत्येक घासाला नावं ठेवत जेवली. घड्याळजी १९९१ साली गेला. ठिणगी वकील झाली, दुसऱ्या शहरात राहते, आणि न्यायाधीशसुद्धा तिला वचकून असतात म्हणे. टेलिफोनवालीचं एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं तेव्हा तिला तक्रारींच्या खात्यात टाकलं. तिथून ती निवृत्त झाली. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ठिणगी आली, डॉक्टरांशी भांडली, नर्सशी भांडली, तिच्याशी तर भांडलीच, आणि जाताना एक काठी घेऊन देऊन गेली. काठी फार उंच निघाली. टेलिफोनवालीनं ती सुताराकडून कापून घेतली आणि आता ती घेऊन रोज कोपऱ्यापर्यंत जाऊन येते.