चार बोटं

दादाने पिस्तूल माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. पणजोबांच्याही आधीची ती नळी त्याने भांड्यांच्या पावडरने घासून लखलखीत केली होती. वर यंत्रात शिलाई मशीनचं तेल ओतलेलं. त्यात धूळ चिकटून नुसता चिखल झाला होता.

"थेंबभर तेल पुरतं, तेही जुनं पुसून," मी म्हणाले. "बाबांबरोबर या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात दहा वर्षं बसलास, एवढंही शिकला नाहीस?"

"तू आहेस ना शहाणी. चाप अडकतोय, तेवढा सोडव. संध्याकाळी माझ्या चिमीचं शाळेत नाटक आहे, ती दरोडेखोर झालीय. नवी चकमक बसवलीय मी. ठिणगी बघ कशी पडते."

घरच्या भिंतीवरच्या या पिस्तुलात चकमकीच्या जागी आजवर लाकडाचा तुकडा होता. चाप ओढून पाहुण्यांना दचकवणं हा आम्हा भावंडांचा लहानपणीचा खेळ.

"खऱ्या हत्याराने नाटक? अक्कल गहाण टाकलीस का?"

"राईचा पर्वत करू नकोस. शंभरदा वाजवलंय आपण."

त्याने चापाकडे बोट नेलं. मी सणसणीत फटका दिला.

बाबांचा नियम होता. आलेल्या हत्याराचं तोंड वाळूच्या पेटीकडे, मग चकमक काढायची, मग नळीत लाकडी गज. गज आत टेकला की नळीच्या तोंडाशी पेन्सिलची खूण करायची आणि तो बाहेरून नळीला लावून बघायचा. हे झाल्याशिवाय ते गिऱ्हाइकाचं नावही विचारत नसत.

मी रागारागातच तोंड वाळूकडे करून चकमक काढली, गज सारला, खूण केली, बाहेरून लावला. टोक नळीच्या बुडापासून चार बोटं अलीकडेच थांबलं. पुन्हा मोजलं. चारच बोटं.

"कचरा असेल," दादा म्हणाला.

"बार भरलेला आहे. दारू, वर गोळी."

"बाबांनी कधी मोजलं नाही?"

"घरचं म्हणून नसेल मोजलं. दिव्याखाली अंधार."

मला बाबांचा भयंकर राग आला. ते असते तर मी त्यांच्याशी कडकडून भांडले असते. पण बारा वर्षं दुकान माझ्याकडे आहे आणि मीही मोजलं नव्हतं.

दादा स्टुलावर बसला.

"सकाळी चकमक बसवून घरी तालीम केली," तो म्हणाला. "चाप हलेना म्हणून चिमी रडायला लागली. मी ओरडलो तिच्यावर. म्हटलं, दोन्ही हातांनी जोर लाव."

"समोर कोण होतं?"

"तिची आई."