पट्ट्याखाली झाकलेलं मनगट

मी एक जुना फिटनेस बँड आहे. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकताना नाक मुरडलंत तरी चालेल. मी स्वतःही तेच करतो.

जाळीदार पट्टा, चौकोनी बक्कल आणि वरून निकेलचा चकचकीत मुलामा, असा कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या खोक्यावर पावलं मोजण्याचं भरभरून कौतुक छापलं होतं. निकेलचा मात्र उल्लेखही नव्हता.

एका मावशीने मला भाचीला भेट दिलं. भाची पार्लरमध्ये लोकांचे केस धुवायची, कापायची. सुरुवातीला मी खूप मिरवलो. "कुठून गं घेतलास?" असं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं. पण मग शाम्पूचा फेस, घाम, कापलेले केस, सगळं माझ्या जाळीत साचू लागलं. शी! अंगाला आंबूस वास येऊ लागला. आणि ही बया मला झोपतानाही काढेना.

मग बक्कलखाली खाज सुटली. आधी लाल पुरळ, मग फोड. त्यांतलं पाणी माझ्याच अंगावर सुकायचं. मला शिसारी यायची. भाचीने दोष दिला शाम्पूला. शाम्पू बदलला, साबण बदलला, माझ्याकडे कुणाचं लक्षच नाही!

एकदा पार्लरवाल्या बाईंनी सगळ्यांना बजावलं, "हाताला काही झालं असेल तर खुर्चीपाशी यायचं नाही. एक गिऱ्हाईक बिचकलं की दहा जातात." भाचीला धडकी भरली. खुर्ची गेली तर काम गेलं. पुरळ दिसू नये म्हणून तिने मलाच आणखी घट्ट आवळलं.

एका दुपारी मावशीच केस कापायला आली. तिच्या गळ्याभोवतीच्या पांढऱ्या टॉवेलवर माझ्याखालून झिरपलेला पिवळट डाग पडला.

"अगं, हे काय? काढ तो पट्टा."

"नको ना मावशी, बाई बघतील."

मावशीने ऐकलं नाही. मी कातडीला चिकटलो होतो, सोलल्यासारखा निघालो. खाली माझाच ठसा होता. चौकोनी, लालबुंद, ओला. मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच दिला गं हा मेला!"

बाई आल्या, बघितलं, तोंड फिरवलं. मग म्हणाल्या, "आधीच सांगायचंस ना! डॉक्टरकडे जा. बरी होऊन ये, खुर्ची कुठे पळत नाही."

डॉक्टरांनी निकेलची ॲलर्जी सांगितली. ती सगळ्यांना होत नाही, पण एकदा झाली की जन्मभर पाठ सोडत नाही. भाचीचे फोड बरे झाले, ती खुर्चीपाशी परतली. मनगटावर काळसर चौकोन अजून आहे.

आणि मी? मावशीने मला गरम पाण्यात घासलं, पुसलं आणि जुन्या खोक्यात ठेवलं. "सगळ्यांना थोडंच होतं? नवाच दिसतोय. देऊ कुणाला तरी."

मित्रांनो, मी पुन्हा चकाकतो आहे. भेट म्हणून आलो आणि माझ्याखाली खाज सुटली, तर कुणाची भीड धरू नका, मला लगेच काढा. माझ्याखालीच काही लपवू नका. खोक्यावर आजही फक्त पावलांचंच कौतुक आहे.