अकराव्या कलमाची गाडी

"मॅडम, आफ्रिकेत माझी गाडी रोज पळतेय आणि मला कुणी सांगितलंच नाही," धवलभाई फोनवर म्हणाले, तेव्हा रुचिराला वाटलं, गाडी चोरीला गेली.

चोरीबिरी काही नव्हती. धवलभाईंचं ऑफिस मुलुंडला आणि काजूचा कारखाना मोझांबिकमध्ये. तिथलं कामकाज पोर्तुगीजमध्ये चालतं. कंपनीची इंग्रजी नियमावली पोर्तुगीजमध्ये करून देण्याचं काम मुलुंडच्याच सुबोध सरांच्या भाषांतर-कचेरीकडे आलं होतं आणि सरांनी ते रुचिराकडे सोपवलं होतं. ती तिथे नवी, अजून प्रोबेशनवर. पण महिनाअखेरीस सर तिला कायम करणार, असं जवळपास ठरलेलं.

नियमावली तिकडे गेली, भिंतीवर लागली. रात्रपाळीच्या बायकांनी अकरावं कलम वाचलं आणि त्यांची मुकादमीण रोझा त्यांना घेऊन मॅनेजरसमोर उभी राहिली. मॅनेजरनेही वाचलं. खाली कंपनीचा शिक्का होता. त्याने निमूट गाडी सुरू केली.

"इंग्रजीत असं काही नाहीये," धवलभाई म्हणाले. "वकील सांगतो, आपण असं कधी लिहिणारच नाही."

सरांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले. इंग्रजीतलं वाक्य चांगलं तीन ओळींचं होतं. रात्रपाळी संपल्यावर स्त्री कामगारांना घरी पोचवण्याची सोय करण्याचा, जेथवर व्यवहार्य असेल तेथवर, व्यवस्थापन प्रयत्न करील. रुचिराचं पोर्तुगीज वाक्य एका ओळीचं. रात्रपाळीच्या बायकांना कंपनी घरी पोचवेल.

"प्रयत्न कुठे गेला?" सरांनी विचारलं.

"सर, ती मला नुसती बोलायची पद्धत वाटली."

"पद्धत? कुठली?"

आता घरातलं सांगणं आलं. रुचिराची आई नलिनी मालवणकडची. बाईने जन्मात कुणाला सरळ हुकूम सोडलेला नाही. "जमला तर येताना कोथिंबीर घेवन ये" असं म्हणायची, आणि कोथिंबीर आली नाही की त्या दिवशी आमटी तशीच, आईचं तोंडही तसंच. रुचिराच्या वडलांना, धोंडूंना, तिने एकदा सांगितलं होतं, "वेळ मिळालो तर नळ बघा." वडलांना वेळ मिळाला नाही. पुढे आठवडाभर ती नळाशी बोलली, त्यांच्याशी नाही. उलट आईने स्वतः "बघतंय, जमला तर करतंय" म्हटलं की ते काम झालंच म्हणून समजायचं. अशा घरात वाढलेल्या मुलीने "व्यवहार्य असेल तेथवर प्रयत्न" वाचलं आणि सरळ "करणार" असं लिहून मोकळी झाली. शंकासुद्धा आली नाही.

सर हसले, अगदी चष्मा काढून.

"तुझ्या आईने ही नियमावली लिहिली असती ना, तर तुझं भाषांतर अगदी बरोबर होतं. पण ही लिहिलीय वकिलाने. तो 'प्रयत्न करील' म्हणतो तेव्हा मागच्या बाजूला एक दार उघडं ठेवतो. आपण ते दार बंदही करायचं नाही आणि मोठंही करायचं नाही. जेवढं आहे तेवढंच न्यायचं. कळलं?"

"कळलं, सर. पण मग गाडी बंद होईल."

"होईल कदाचित. ती आपली गाडी नाही. आणि कायम करायचं आपण अजून तीन महिन्यांनी बघू."

रुचिराने मान खाली घातली. दुरुस्त वाक्य लिहायला तिला फार वेळ लागला नाही. 'सेंप्रे के पोसिव्हेल', म्हणजे शक्य असेल तेव्हा. व्याकरण ठीक, अर्थ ठीक, आणि वाचताना कुणी नुकताच दिवा मालवल्यासारखं वाटत होतं.

दुपारी व्हिडिओ कॉल लागला. इकडे धवलभाई, सर आणि रुचिरा. तिकडे डोक्याला पिवळा रुमाल बांधलेली रोझा. धवलभाईंना पोर्तुगीज येत नव्हतं, रोझाला इंग्रजी. मध्ये रुचिरा.

"चूक माझी आहे," तिने रोझाला आधी सांगून टाकलं आणि नवं वाक्य वाचून दाखवलं.

रोझाने ते शांतपणे ऐकलं. "शक्य आहे की नाही, हे कोण ठरवणार?"

रुचिराने मराठीत विचारलं.

"मॅनेजर ठरवेल ना," धवलभाई म्हणाले.

"मध्यरात्री पाळी सुटते तेव्हा बाहेर काळोख असतो आणि मॅनेजर झोपलेला असतो," रोझा म्हणाली. "त्याला उठवून विचारायचं का?"

हे जरा गोड करून सांगावं, असं रुचिराच्या मनात आलं. सर तिच्याकडेच बघत होते. तिने जसंच्या तसं सांगितलं.

धवलभाईंनी कपाळ खाजवलं. "अरे पण गाडी दिवसा मालाला लागते. रात्री ड्रायव्हरला थांबवून ठेवायचं म्हणजे..."

"ड्रायव्हर थांबत नाही," रोझा म्हणाली. "तो आमच्याच गावचा. त्याचं काम आमच्या पाळीबरोबरच सुटतं, मग गाडी घेऊनच घरी जातो, सकाळी घेऊन येतो. आधी एकटा जायचा, आता आम्ही मागे बसतो."

"म्हणजे गाडी आधीपण जायचीच?"

"रोज. रिकामी."

धवलभाई सरांकडे वळले. मग म्हणाले, "सर, पोर्तुगीज आहे तसं राहू द्या, पहिलंवालं. मी वकिलाला सांगतो, इंग्रजी बदल म्हणून."

"तसा मेल पाठवा," सर म्हणाले. "तोवर आम्ही दुरुस्त केलेलंच धरणार."

"आत्ता पाठवतो, बाबा."

रुचिराने हे रोझाला सांगितलं. रोझा हसली आणि तिने मागे वळून कुणाला तरी ते ओरडून सांगितलं. मागून बराच कल्ला ऐकू आला. खिडकीच्या जागेवरून रोज भांडणं होतात, असं ती म्हणाली. मग हळूच पुढची गोष्ट काढली.

"रात्रपाळीच्या पुरुषांचं काय? ते अजून चालतच जातात."

रुचिराने विचारलं. धवलभाई घड्याळाकडे बघत म्हणाले, "त्यांचं बघू."

रोझा उत्तराची वाट बघत होती. रुचिराने उलट धवलभाईंनाच विचारलं.

"धवलभाई, 'बघू' म्हणजे करणार, की नाही करणार?"

"म्हणजे... बघू ना."

"ते मला तिकडे नेता येत नाही. एक काहीतरी सांगा."

धवलभाईंनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

"आत्ता तरी नाही," धवलभाई शेवटी म्हणाले.

रुचिराने तेवढंच सांगितलं. आत्ता तरी नाही. रोझाने मान हलवली.

"बरं. निदान कळलं. त्यांना सांगते, पुढच्या महिन्यात परत विचारू." आणि तिने कॉल बंद केला.