एकदाच विचारणारी माणसं

"आमच्या मंडळात यायला आवडेल तुला?" मारिटने बाकाच्या दुसऱ्या टोकावरून विचारलं.

शिवांगीचा जीव हो म्हणायला आसुसला होता. पण सांगलीच्या घरात वाढलेली पोर, पहिल्या झटक्याला हो म्हणेल तर शपथ. "नको, माझ्यासाठी कशाला जागा अडवता," ती म्हणाली आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत बसली.

मारिटने मान डोलावली, वेळ दिल्याबद्दल आभार मानले आणि ती सायकलवर बसून गेलीसुद्धा.

नेदरलँड्समधल्या नायमेखनला शिकायला येऊन शिवांगीला महिनाच झाला होता. साल दोन हजार वीस, करोनाचं. वर्ग पडद्यावर, जेवण खिडकीशी, आणि बोलायला भिंती. विद्यापीठातल्या मुलींची छोटी छोटी मंडळं दर सप्टेंबरात नव्या मुली घेत. एरवी मोठा दंगा असायचा म्हणे. यंदा दोघीदोघींनी दीड मीटर अंतर ठेवून फिरायचं, बास. हिवाळ्यात पुन्हा सगळं बंद होणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. त्याआधी चार माणसं जोडली नाहीत तर आपण वेड्या होऊ, अशी धास्तीच तिने घेतली होती.

आधी तिचं मन एका झकपक मंडळावर बसलं होतं. त्या मुली पडद्यावर खूप गोड हसल्या, पण तासाभरात तिला एक प्रश्न विचारला नाही. मारिट दिसायला रुक्ष, हसणंही मोजकं. पण तिने शिवांगीच्या शेवाळावरच्या संशोधनाबद्दल दोन किलोमीटर चालता चालता विचारलं आणि ऐकलंही.

संध्याकाळी मारिटचा निरोप आला: तुला यायचं नाही याचं वाईट वाटलं. उद्या दुपारी आम्ही नावं ठरवतोय. तुला शुभेच्छा.

शिवांगीने तणतणत आईला फोन लावला. काय आखडू माणसं आहेत, दुसऱ्यांदा विचारायची रीत नाही, वगैरे सगळं ओकून टाकलं.

आईने ऐकून घेतलं. "पण तू हो म्हणालीस का?"

"नाही, पण कळायला नको?"

"त्या काय मनकवड्या आहेत? आणि तू तरी त्यांना समजून घेतलंस का? भीड भिकेची बहीण, बाई."

ते लागलं. त्या रुक्ष मुलीने तिच्या नकाराचा मान ठेवला होता, आणि ही तिलाच नावं ठेवत होती. लाज वाटली तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मारिटच्या मंडळाच्या घराच्या दारात उभी राहिली. मारिटने दार उघडलं तेव्हा शिवांगीने सांगून टाकलं, की आमच्याकडे पहिल्यांदा नाहीच म्हणतात.

"मग कितीदा विचारायचं असतं?"

"तीनदा तरी."

मारिटने गंभीरपणे विचार केला. "ते आम्हाला जमणार नाही. पण हे मी एकटी ठरवत नाही. मागे बाग आहे, तिथे सगळ्यांना सांग."

बागेत आठ मुली लांब लांब खुर्च्या टाकून बसल्या होत्या. शिवांगी त्यांच्यासमोर उभी राहिली. "मला तुमच्यात यायचंय," ती म्हणाली. "मी काल खोटं बोलले. मला इथे फार एकटं वाटतं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं, एकेकीने होकारार्थी मान हलवली. मग कडेच्या मुलीने मांडीवरचा कागद उचलला आणि विचारलं, गुरुवारी स्वयंपाकाला एक जण कमी आहे, येशील का.

"हो," शिवांगी म्हणाली.