तापलेली गंजी

वस्तीवरच्या मेंढपाळांनी त्या वर्षी एकमतानं ठरवलं होतं, की दुष्काळ पडला तरी कळप घेऊन कुठं जायचं नाही. मागच्या दुष्काळात चाऱ्यापायी दोन महिने पायपीट झाली, निम्मी मेंढरं वाटेतच गेली आणि एका घरच्या थोरल्या सुनेच्या नवऱ्याचा गुडघा कायमचा कामातून गेला. म्हणून यंदा टेकडीचा एक उतार चराईला बंद ठेवला, गवत वाढू दिलं आणि कापून पत्र्याच्या शेडमध्ये त्याची गंजी रचली. ती सांभाळायचं काम या थोरलीकडं आलं.

तिच्या धाकट्या दिराला हे पटलेलं नव्हतं. "वहिनी, मेंढपाळानं गवत राखायचं म्हणजे मांजरानं दूध राखायचं," असं तो येताजाता ऐकवायचा.

कापणीच्या शेवटच्या दिवशी आभाळ भरून आलं. गवत भिजेल म्हणून थोरलीनं अर्धवट वाळलेल्या पेंढ्या घाईघाईनं मधोमध रचून टाकल्या. ढग मात्र हुलकावणी देऊन गेले ते गेलेच. पुढं थेंब नाही. माळ करपला, आणि सगळ्यांचे डोळे शेडकडं लागले.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तिनं शेडचं दार उघडलं, तर आंबूस, करपट वास आला. तिनं लोखंडी पहार गंजीत खोलवर खुपसली, थोडा वेळ तशीच ठेवली आणि ओढून काढली. पहारीचं टोक इतकं तापलं होतं, की हातात धरवेना.

गप्प राहावं, असं क्षणभर तिच्या मनात आलंच. आतलं कुणाला दिसतंय? पण मग ती तडक हौदावर गेली. दीर मेंढरांना पाणी पाजत होता.

"भाऊजी, गंजी आतून तापलीय. ओल्या पेंढ्या मीच रचल्या होत्या, त्याच आत कुजून तापल्यात."

आता हा काय काय बोलेल, म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. दिरानं बादली खाली ठेवली.

"किती तापलीय?"

"पहारीनं हात पोळला."

"मग उभी काय राहिलीस? पेटली तर शेडसकट जाईल!" असं म्हणत तो पळतच सुटला. हाकाटी झाली. घराघरांतून माणसं आली.

"आधी पाणी भरून ठेवा," सासूबाई दारातून ओरडल्या. "वारा लागला की आतली धग भडकते. वरून उतरवा, सावकाश!"

पेंढ्या हातोहात बाहेर येऊ लागल्या, अंगणभर पसरू लागल्या. मेंढरं कुंपणाला नाकं लावून ओरडत होती. मध्यावर पोचले तशी वाफ उसळली. आतलं गवत तपकिरी झालं होतं, काही तर कोळशासारखं काळं. दीर ते कवेत घेऊन बाहेर फेकत होता. खोकत होता, पण मागं हटत नव्हता.

दुपार कलली तेव्हा सगळी गंजी उकलली. वाया गेलं ते जेमतेम गाडीभर. बाकीचं गवत कोरडं, खडखडीत. थोरलीनं एक पेंढी नाकाशी धरली, आणि तिचा जीव भांड्यात पडला. मग जे रडू फुटलं, ते थांबेचना.

"पुरे आता," दीर म्हणाला. "वाळलेलं गवत परत ओलं करशील."

सगळे खो खो हसले, रडता रडता तीही हसली. सासूबाईंनी तिच्या केसांतली कुसळं काढली. म्हणाल्या, "चूक कुणाकडूनही होते, बाई. पण तू वेळेत सांगितलंस."

दोन दिवसांनी गंजी पुन्हा रचली. या वेळी मध्ये बांबू उभे करून हवेला वाट ठेवली, आणि प्रत्येक पेंढीतली काडी मोडून, ती वाळलीय का ते बघितल्याशिवाय थोरलीनं आत जाऊ दिली नाही. पुढच्या वर्षी दुसरा उतारही बंद ठेवावा, हे दिरानं स्वतःहून सुचवलं.

मेंढ्या यंदा घरच्या वाड्यातच व्याल्या. गुडघा गेलेला थोरलीचा नवरा ओसरीवर बसून अशक्त कोकरांना बाटलीनं दूध पाजायचा. त्या उन्हाळ्यात वस्तीवरच्या एकाही घराला कुलूप लागलं नाही.