चालेल

मालिश करणाऱ्या बाईंनी कोपर त्याच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली टेकवलं आणि त्यावर अंगाचा सगळा भार सोडला.

"दुखतंय?"

"चालेल."

"चालेल हे उत्तर नव्हे. दुखतंय की नाही?"

"दुखतंय. पण चालेल."

तो पालथा पडला होता. टेबलाला तोंडासाठी एक गोल भोक होतं आणि त्यातून त्याला फरशीच्या दोन लाद्या आणि बाईंच्या हिरव्या रबरी चपला एवढंच जग दिसत होतं. त्यात त्याला नवीन काही वाटलं नाही. पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर तो वीस-बावीस वर्षं असाच एका भोकातून जगाकडे पाहत आला होता. खिडकीचं भोक अंमळ खाली पाडलेलं होतं, त्यामुळे लोकांचं म्हणणं ऐकायचं तर त्याला वाकावं लागे. त्या उंचीबद्दल कोणी कधी तक्रार केली नाही. करायची तर ती त्याच खिडकीवर करावी लागली असती. हळूहळू त्याची मान पुढे आली, खांदे कानांच्या शेजाराला गेले आणि उजव्या पात्याखाली लिंबाएवढी गाठ मुक्कामाला आली.

"श्वास सोडा. रोखून धरलात तर स्नायू माझ्याशी भांडतो," बाई म्हणाल्या. "आणि मागच्या खेपेसारखं नको. पाठ काळीनिळी झाली तरी तुमचं आपलं चालेल, चालेल. लोक मला कसाई म्हणतील. सहन होईनासं झालं की थांबा म्हणायचं. मी लगेच हात काढते. पण म्हणावं लागेल. मला मनातलं ऐकू येत नाही."

"चालेल," तो म्हणाला.

चपला क्षणभर जागच्या जागी थबकल्या. मग कोपर पुन्हा कामाला लागलं.

आज त्याला कोपरापेक्षा फोनची धास्ती होती. दादाचा फोन यायचा होता. मुलीला जहाजाची इंजिनं शिकवणाऱ्या संस्थेत जागा मिळाली होती आणि उद्या सकाळी तिला तिथे हजर व्हायचं होतं. दादाचं मत, तिने त्याच्या दिव्यांच्या दुकानात काउंटरवर बसावं. दादा आपलं मत मत म्हणून सांगत नसे, बातमी म्हणून सांगे. धाकट्या भावाची शाळा, नोकरी, चष्म्याची फ्रेम, सगळं आजवर अशा बातम्यांतूनच ठरलं होतं. संस्थेचे प्रमुख दादाच्या ओळखीचे होते. मुलगी येत नाही, एवढं कळवायला त्याला एक फोन पुरे होता. आधी बापाचं 'चालेल' हवं, तेही आपलं रीत म्हणून.

सकाळी मुलगी भरलेल्या बॅगेवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती.

"बाबा, आज काकांना नाही म्हणाल?"

"चालेल," तो म्हणाला होता.

ती हसली नव्हती. "बघा हं. तुम्ही त्यांना चालेल म्हणालात, तर मी बॅग उघडीन. भांडणार नाही. जाऊन बसेन दुकानात. पण तुम्ही बल्ब घ्यायला आलात ना, तरी मान वर करून बघणार नाही."

कोपर गाठीवर येऊन पोचलं. त्याच्या डोळ्यांपुढच्या दोन लाद्यांच्या चार झाल्या. त्याने टेबलाची कड घट्ट धरली. शब्द घशापर्यंत आला, तिथे उभा राहिला आणि सवयीने माघारी गेला.

"म्हणा," बाई वरून म्हणाल्या. "म्हणा की!"

फोन वाजला. कोपर उचललं गेलं.

"हात हलवू नका, आत्ता कुठे स्नायू सैल पडतोय." बाईंनी खुर्चीवरचा फोन स्पीकरवर लावून बरोबर भोकाखाली फरशीवर ठेवला. "बोला निवांत. मी तेलाचे हात धुऊन येते."

चपला भोकातून निघून गेल्या. कोपऱ्यात नळ सुटला.

फरशीवर 'दादा' ही अक्षरं उजळली होती. आयुष्यात पहिल्यांदाच दादा खाली होता आणि तो वर. याचा काय उपयोग करावा, ते त्याला सुचलं नाही.

"हं, ऐक. कुठे आहेस? पाणी कुठे वाहतंय?"

"पाठ दाबून घेतोय."

"मजा आहे बुवा. आमच्या नशिबात कुठलं. बरं, मी प्रमुखांना आत्ता फोन लावतोय, पोरगी येत नाही म्हणून. उद्या नऊला तिला दुकानात पाठव. इंजिनं शिकायचीत म्हणे! माझ्या दुकानातला पंखा केव्हापासून कुरकुरतोय, तो कर म्हणावं दुरुस्त. हौस फिटेल. चालेल ना?"

त्याने तोंड उघडलं. शब्द तयारच होता. वापरून वापरून इतका गुळगुळीत झालेला, की आपण होऊन जिभेच्या टोकाशी येऊन बसला. आणि नेमकी तेव्हाच पात्याखालून एक कळ उठली आणि मानेतून थेट जबड्यात शिरली.

"थांबा!"

नळ वाहत राहिला.

"काय?" दादाच्या आवाजात राग नव्हता. आपण खुर्चीत बसावं आणि खुर्चीने उठून चालू लागावं, तसं काहीतरी त्याला झालं असावं. मग तो हसला. "अच्छा, अच्छा! त्या दाबणाऱ्या बाईंना म्हणालास होय! दचकलोच की मी. मला कशाला तू अहोजाहो करशील? बरं तर, कळवतो मी."

वाट अगदी मोकळी होती. नुसतं 'हो' म्हटलं की झालं. त्याने भोकातून खाली पाहिलं. दोन लाद्या आणि एक फोन. हिरव्या चपला कुठेच नव्हत्या.

"नाही," तो म्हणाला. "बाईंना नाही. तुला म्हणालो. थांब, दादा."

"म्हणजे?"

"कळवू नकोस. ती जाणार आहे."

त्याच्या कपाळावरून घामाचा एक थेंब सुटला आणि नेमका दादाच्या नावावर पडला. पुसायला हात पोचत नव्हता.

"ठीक आहे," दादा अखेर म्हणाला. "मग यापुढे तिचं बरंवाईट तुझं तू निस्तरायचं. उद्या रडत आलास तर मी दार उघडणार नाही. चालेल?"

"चालेल."

फोन विझला. नळ बंद झाला. चपला परत आल्या आणि फोनशेजारी थांबल्या.

"मघाशी मला थांबा म्हणालात का हो? नळापुढे नीट ऐकू आलं नाही."

"तुम्हाला नाही. तुम्ही चालू द्या."

कोपर पुन्हा गाठीवर टेकलं.

"जरा हळू," तो म्हणाला.